मत, नवस आणि आमची इलेक्शन ड्युटी

इलेक्शन ड्युटी करणाऱ्या मास्तराला किस्से शोधत फिरावं लागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या शेतातून दहा पावलं चाललं, की चपलेला जसा किलो-किलो चिखल चिकटतो, तसे ते आपोआप चिकटतात. लोकसभा झाली, विधानसभा आली; ती उरकली, जिल्हा परिषद आली; मध्येच कुठली तरी ग्रामपंचायत. झटकून टाकू म्हटलं तरी थोडे राहतातच!

आमची शाळा मोताळ्याजवळ. मी गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये इंग्रजीचे इंगळे सर, मराठी-संस्कृतच्या वानखडे मॅडम, खेळाचे टेकाडे सर, आणि चहा, घंटा व गावच्या बातम्या ही तिन्ही खाती सांभाळणारा शिपाई रामभाऊ. निवडणूक लागली की या सगळ्यांच्या नावानं ऑर्डर येते. कॉम्प्युटर कोणाला कुठल्या गावी फेकेल याचा नेम नाही.

त्यात यंदा इंगळे सरांचं शेवटचं वर्ष. चार महिन्यांनी रिटायर. अठ्ठावीस वर्षं नोकरी आणि एकही नोटीस नाही, हे ते आम्हाला आठवड्यातून दोनदा तरी सांगायचे. इलेक्शनच्या कामात चूक झाली की नोटीस, नोटिशीवरून चौकशी, आणि चौकशी चालू असली की पेन्शनची फाइल जिथल्या तिथं बसते. आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींचं तसं झालंही होतं. "एवढी एक विधानसभा बिनबोभाट पार पडली, की गंगेत घोडं न्हालं," सर म्हणायचे. घोड्याची काळजी त्यांच्यापेक्षा आम्हालाच जास्त लागली होती.

*

काही वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगच्या दिवशी चहाच्या सुट्टीत इंगळे सरांनी विचारलं, "व्होट हा शब्द कुठून आला, सांगा बरं."

"तहसीलमधून!" टेकाडे सर म्हणाले. त्यांच्या हातात तेव्हा नुकतीच मिळालेली ऑर्डर होती.

इंगळे सरांनी तिकडं लक्षच दिलं नाही. "लॅटिनमधून. व्होटम. म्हणजे देवाले बोललेला नवस. माझं एवढं काम कर, मी तुले अमुक वाहीन. त्यावरूनच इंग्रजीतला वाऊ, म्हणजे नवस, अन् त्यावरूनच व्होट. आधी नवस, मंग इच्छा, मंग मत!"

वानखडे मॅडम कशाला मागं राहतात! "मग आपल्याकडं काय वेगळं आहे, सर? संस्कृतात 'वृ' म्हणजे निवडणं. त्यावरून वर, त्यावरून स्वयंवर. अन् व्रतसुद्धा त्यातूनच आलं, असं जुने पंडित सांगतात. आधी निवडायचं, मग पाळायचं."

दोघं एकमेकांकडं अशा कौतुकानं पाहत होते, जणू लोकशाहीचा शोध आत्ताच, तहसीलच्या व्हरांड्यात लागला. ट्रेनिंगला आमच्याबरोबर आलेला रामभाऊ मागं उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "सर, एक विचारू का? निवडणुकीत नवस बोलते कोण? आपण. पाच वर्षं फेडते कोण? ते बी आपणच! मंग निवडून आलेला काय करते?"

सरांनी रिकामा कप त्याच्या हातात दिला.

*

टेकाडे सरांचा किस्सा मागच्या लोकसभेचा. ऑर्डर हातात पडली आणि त्यांनी थेट गावच्या मारुतीपुढं हात जोडले. ड्युटी रद्द झाली तर अकरा शनिवार कडक उपास. फक्त पाणी आणि दोन केळी. हा माणूस एरवी मधल्या सुट्टीत चार भाकरी खाणारा!

आठव्या दिवशी फोन आला. ऑर्डर रद्द! टेकाडे सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मारुती जागृत आहे, असं तीन-तीनदा सांगितलं. इंगळे सर तोंडातला पेढा सांभाळत "व्होटम, व्होटम" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर आली. टेकाडे सरांना प्रमोशन मिळालं होतं. मतदान अधिकारी म्हणून रद्द केलं होतं ते केंद्राध्यक्ष करण्यासाठी! म्हणजे काम तेच, जबाबदारी चौपट, आणि वर गावही आणखी लांबचं.

सर घरी गेले आणि बायकोला म्हणाले, "चला, आता उपासाचं तरी टळलं."

वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काऊन? पहिली ड्युटी रद्द झाली की नाही? देवानं त्याचं काम केलं. आता तुम्ही तुमचं करा!"

अकरा शनिवार टेकाडे सरांनी खरोखर केले. त्या काळात शाळेची कबड्डीची टीम मात्र तालुक्यात पहिली आली. सरांना मैदानावर ओरडायची ताकदच नव्हती, त्यामुळे पोरं शांतपणे खेळली, असं रामभाऊचं मत.

*

रामभाऊच्या गावचे शालिकभाऊ. यांनी ग्रामपंचायतीला उभं राहताना भर सभेत नवस बोलला: निवडून आल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही. पडले. पाच वर्षांनी पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. दहा वर्षं माणूस अनवाणी! विदर्भातलं ऊन, कापसाच्या वावरातल्या पऱ्हाट्यांचे खुंट, आणि हे आपले "जय हरी" करत तरातरा चालले आहेत. टाचांना भेगा अशा पडल्या, की बघणाऱ्याच्या पायात कळ यावी.

तिसऱ्या वेळेला त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या माणसाची सख्खी आईच घरात म्हणाली, "बाळा, तू राहू दे औंदा. त्याले एकदा चप्पल घालू दे!"

तीच हवा गावभर झाली. प्रचार असा काही झालाच नाही. लोक नुसतं त्यांच्या पायाकडं बघायचे आणि मान हलवायचे. शालिकभाऊ प्रचंड मतांनी आले. गुलाल उधळला, गावानं वर्गणी करून कोल्हापुरी चपलांचा जोड आणला, पारावर सगळ्यांसमक्ष त्यांच्या पायात घातला. सगळ्या गावानं सुटकेचा श्वास सोडला. शालिकभाऊ चार पावलं चालले आणि थांबले.

"काय झालं भाऊ?"

"चावते बे!" म्हणाले, आणि चपला काढून काखेत मारल्या.

पाच वर्षं त्यांनी कारभार चोख केला. मीटिंगला यायचे तेव्हा चपला टेबलावर असायच्या, फायलीशेजारी. त्या टेबलावर असल्या की ग्रामसेवक एकही प्रश्न टाळायचा नाही म्हणे.

*

नवस बोलायलाही अक्कल लागते, हे मला मलकापूर रोडवरच्या एका गावात कळलं. जिल्हा परिषदेचे दोन उमेदवार, दोघंही त्याच गावचे, आणि गावात देवीचं देऊळ एकच. दोघांनी तिलाच साडी-चोळी बोलली. पुजारीबुवांची पंचाईत! सकाळी एक येऊन ओटी भरून जाणार, संध्याकाळी दुसरा. बुवा दोघांनाही एकच वाक्य सांगायचे, "देवी पाहून राह्यली."

निकाल लागला. जिंकलेला वाजत-गाजत साडी घेऊन आला. ते ठीकच. पण तासाभरानं पडलेलाही साडी घेऊन हजर! साडी जिंकणाऱ्यापेक्षा भारी, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की बुवांना वाटलं, धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला.

"भाऊ, तुम्ही तर पडले ना?"

"पडलो. पण मी जिंकायचा नवस बोललोच कुठं होतो? माझं डिपॉझिट वाचलं पाहिजे, एवढंच बोललो होतो. वाचलं! माणसानं आपली ऐपत पाहून नवस बोलावा, बुवा!"

इतका समाधानी पडेल उमेदवार मी पुन्हा पाहिला नाही.

*

वानखडे मॅडमची ड्युटी एकदा चिखलीकडच्या एका गावात होती. त्यांच्यासमोर एक पन्नाशीचे गृहस्थ आले. मॅडमनी नाव विचारलं. उत्तर नाही. त्यांनी बरोबर आणलेल्या पाटीवर खडूनं लिहिलं: 'नऊ दिवस मौन. आज संध्याकाळी सुटणार.'

कागदपत्रं होती, पण कार्डावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, तेव्हाची मिशी आता नाही. समोरच्या बाकावरचा एका पक्षाचा एजंट तेवढ्यात ओरडला, "हा तो माणूस नाहीच!" आता हा एजंट म्हणजे त्या गृहस्थांचा चुलतभाऊ, बांधावरून जुनं भांडण. गृहस्थ लालबुंद झाले. तोंड उघडलं असतं तर बांधापासून सगळं बाहेर आलं असतं. पण व्रत सुटायला शेवटचे चार तास राहिलेले! बिचारे पाटी पुसायचे, लिहायचे, पुन्हा पुसायचे. शेवटी खडू मोडला.

मॅडमनी बायकांच्या रांगेत विचारलं, "यांना ओळखणारं कोणी आहे का?"

एक बाई डोक्यावरचा पदर नीट करत पुढं आल्या. नवऱ्याकडं खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "माझाच हाय. नऊ दिवसांपासून घरात अशी शांतता हाय बाई, मलाच ओळखू येईना. पण हाय हाच! करू द्या मतदान." मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, संध्याकाळी सोडायच्या ऐवजी उद्या सोडलं तर चालतं का हो असं व्रत?"

*

आता यंदाचा.

यंदा कॉम्प्युटरनं इंगळे सरांना केंद्राध्यक्ष केलं आणि मला त्यांच्याच पथकात टाकलं. गाव दुसरबीडच्याही पुढं. तिथली बोली आमच्यापेक्षा वेगळी, जालन्याकडं झुकणारी. गाव मात्र गुणी. सकाळपासून रांगा, भांडण नाही, दारू प्यालेला एकही नाही. सर खुर्चीत असे ताठ बसले होते, की त्यांचाच फोटो काढून ट्रेनिंगला दाखवावा.

माझ्याकडं कंट्रोल युनिट होतं. काम सोपं. मतदार आला, सही झाली, शाई लागली, की मी बटण दाबायचं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मतदान यंत्रावर हिरवा दिवा लागतो, माझ्याकडं लाल. आत मतदारानं मत दिलं की पीं असा मोठा आवाज येतो आणि माझा लाल दिवा विझतो. मग पुढचा माणूस. दिवसभर पीं, पीं, पीं.

संध्याकाळी सहाला दरवाजा बंद केला. सरांनी रजिस्टरमधल्या सह्यांचा शेवटचा आकडा वाचला. सातशे त्रेचाळीस. मी मशीनवरचा एकूण आकडा वाचला. सातशे बेचाळीस.

"पुन्हा वाचा."

"सातशे बेचाळीस, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. रजिस्टर पहिल्या पानापासून बोट ठेवून तपासलं. सातशे त्रेचाळीस. एक माणूस सही करून आत गेला होता, आणि त्याचं मत मशीनमध्ये नव्हतं!

समोर तीन पक्षांचे तीन एजंट. त्यांतल्या एकानं, जरा कोवळ्या मिशीवाल्यानं, सरळ तोडगा काढला, "सर, एवढं काय त्यात? अजून मशीन बंद नाही केलं ना? दाबून टाका एक, कोणालाही!"

दुसरा ताडकन उठला, "कोणालाही म्हंजी कोणाला?"

तिसराही उठला. खोलीतली हवा एकदम तापली. सर बसल्या जागेवरून म्हणाले, "कोणी कुठलंही बटण दाबणार नाही. माझी नोकरी गेली तरी नाही." आवाज शांत होता, पण पाण्याचा ग्लास उचलताना पाणी टेबलावर सांडलं, ते त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसलं. चार महिने राहिले होते हो माणसाचे! आणि चूक त्यांची नव्हती. चूक झालीच असेल तर ती फक्त एका माणसाची असू शकत होती, लाल दिव्यासमोर बसलेल्या माणसाची. म्हणजे माझी. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. सर माझ्याकडं पाहतही नव्हते, आणि रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"मी आत पाहून येतो," म्हटलं आणि आडोशामागं गेलो.

मतदान यंत्रावर, सगळ्यात वर, जिथं तो हिरवा दिवा लागतो, बरोबर त्याच्या खाली कुंकवाचं बोट होतं. ठसठशीत. शेजारी चार तांदळाचे दाणे.

मग मला आठवलं. दुपारी दोनच्या सुमारास एक म्हातारी आली होती. हिरवं लुगडं, वाकलेली, पदराखाली काही तरी धरलेलं. आत बराच वेळ होती. त्याच वेळी चहा आला. मी कप घेतला, मान वर केली, तर ती बाहेर पडत होती. पीं झालं की नाही? झालंच असणार, असं मी धरून चाललो. पुढच्या माणसासाठी बटण दाबलं. पण दिवा आधीच लागलेला होता, म्हातारीचा! माझं दुसरं बटण वाया गेलं, आणि दोन माणसांचं मिळून एकच मत पडलं.

एजंटांना आत बोलावून दाखवलं. कुंकू बघून तिघांचेही चेहरे एकदम निवळले. कोवळ्या मिशीवाला म्हणाला, "ही तर कौसामावशी! शाळेच्या मागंच घर हाय. दिव्याला कुंकू लावल्याशिवाय तिचं पान हालत नाही."

गावचा कोतवाल जाऊन त्यांना घेऊन आला. कौसाबाई आल्या, दारात चपला काढल्या, आणि इंगळे सरांच्या टेबलाला आधी नमस्कार केला.

"आजी," सर म्हणाले, "दुपारी आत गेला होतात ना? बटण दाबलं होतं का?"

"नाही बाप्पा. बटण कशाला दाबू?"

तिन्ही एजंटांनी एकमेकांकडं पाहिलं. कोवळ्या मिशीवाल्यानं खिशातला पेन काढला. "लिहा सर. आम्ही तिघं सही देतो. मावशी आत गेली, मत दिलं नाही. मिटलं!"

मिटलं! सर लिहू लागले. तिघांनी सह्या केल्या, कौसाबाईंनी अंगठा दिला. सातशे त्रेचाळीस आले, एकीनं मत दिलं नाही, सातशे बेचाळीस पडली. आकडा जुळला. सरांनी खुर्चीला पाठ टेकवली, दिवसभरात पहिल्यांदा. मला म्हणाले, "थंडगार पाणी पाजा बरं मले," आणि हसले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला सांगू! माठातलं पाणी भरताना निम्मं मी माझ्याच पायावर सांडलं.

पाणी पिऊन झाल्यावर मात्र सरांना चुटपुट लागली. एकदा बाहेर पडलेल्या मतदाराला पुन्हा आत घेता येत नाही, आणि आकडा जुळताच मशीनही बंद केलं होतं. "आजी, तुमचं मत राहून गेलं हो."

"राहून कसं गेलं? देऊन आले ना मी!"

"बटण न दाबता?"

"हे पाहा, साहेब," कौसाबाई खाली बसल्या. "आमचे मालक होते तवा ते सांगायचे, अमक्या नंबरचं दाब. मी दाबायची. कोणाचं असायचं, काही ठावं नाही. औंदा ते नाहीत. कोणी सांगायला नव्हतं. म्हणलं, चला, औंदा आपल्या मनानं. आत गेले, दिवा लागलेला व्हता. कुंकू लावलं, हात जोडले, अन् मला जे पाहिजे ते बोलले. काहून, चुकलं का?"

दारावरचा पोलीस आत येऊन उभा राहिला होता, तोही ऐकत होता.

"नाही, चुकलं नाही," सर म्हणाले. मग जरा पुढं वाकून, वर्गातल्या एखाद्या पोरीला विचारावं तसं विचारलं, "पण आजी, मागितलं काय हो?"

कौसाबाईंनी आमच्याकडं पाहिलं. मग तिन्ही पक्षांच्या तिन्ही एजंटांकडं पाहिलं. पदर सावरून उठल्या आणि चपला शोधायला दाराकडं वळल्या.

"ते गुप्त असतं ना, साहेब!"